धोटा परत आला पाहिजे

अप्पांना रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, परत उतरतानाचा व्हिडिओ पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाजवळ नेला, शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "उलटा लावलास की बे व्हिडिओ."

त्यांचा संशय अगदीच वावगा नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या सोलापूरकराने डोळ्यांनी पाहिलेलं रॉकेट म्हणजे संक्रांतीच्या वेळचं, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्यातलं. ते सूं करत वर जातं, फुटतं, आणि खाली येते ती जळकी काडी, तीही कुणाच्या तरी पत्र्यावर. चौदा मजली उंचीचं काहीतरी आकाशातून खाली येतं, बुडाशी जाळ काढतं, पाय पसरतं आणि उभं राहतं, हे त्या हिशेबात बसतच नाही.

अप्पा सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यांत जॉबर होते. माग अडला की ज्याला हाक मारायची तो जॉबर. त्यामुळे 'विज्ञानाची किमया' वगैरे म्हणून त्यांची बोळवण होत नाही. कुठला भाग कशाला ढकलतो, आणि तो तुटला तर काय, हे सांगावं लागतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी त्यांच्या प्रश्नांनी मला दोन-तीन संध्याकाळी चांगलाच घाम फुटला. खाली लिहिलंय ते बहुतेक त्याच संध्याकाळचं.

सुरुवात उंचीच्या गैरसमजापासून. रॉकेट वर जातं असं आपण म्हणतो, पण वर जाणं हे त्याचं खरं कामच नव्हे. अवकाशाची हद्द साधारण १०० किलोमीटरवर मानतात. सोलापूर-पंढरपूर रस्ता उभा केला तर पंढरपूरच्या थोडं पुढे गेलं की अवकाश, एवढंच अंतर. पण नुसते तिथे पोचलात तर सरळ खाली याल, दारूकामातल्या काडीसारखे. तिथे टिकायचं तर आडवा वेग लागतो: सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, म्हणजे तासाला २८ हजार. या वेगाने तुळजापूर सहा सेकंदांत येतं आणि पुणे अर्ध्या मिनिटात. रॉकेटचं जवळपास सगळं इंधन हा आडवा वेग कमावण्यात जातं.

एवढ्या वेगाने निघालेली वस्तूसुद्धा खाली पडतच असते. पण ती जेवढी खाली येते तेवढीच पृथ्वीची गोलाई तिच्याखालून वाकत जाते, म्हणून ती जमिनीला टेकत नाही. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. मग आतली माणसं तरंगतात कशी? विहिरीत उडी मारल्यावर पाण्याला टेकेपर्यंत पोटात जे होतं, तेच. त्यांची उडी चालूच राहते, पाणी येतच नाही.

थोडा वेग मात्र फुकट मिळतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे तुम्ही सोलापुरात सात रस्त्याला चहा पीत उभे असलात तरी पूर्वेकडे ताशी सुमारे १५९० किलोमीटरने चाललेले असता. विषुववृत्तावर हाच वेग १६७० होतो. श्रीहरिकोटा आपल्याहून दक्षिणेला आहे, पूर्वेला बंगालचा उपसागर मोकळा आहे, फुकटचा धक्का पूर्वेकडे जाणाऱ्यालाच मिळतो, आणि काही पडलंच तर पाण्यात पडतं. जागा का निवडली ते एवढ्यात कळतं. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटला मात्र बरेचदा दक्षिणेकडे जायचं असतं आणि वाटेत श्रीलंका येते, म्हणून ते बिचारं वळसा घालून जातं. वळसा म्हणजे जादा इंधन.

आणि इंधन हेच रॉकेटचं खरं दुखणं. समजा मंगळवेढ्याहून बैलगाडीने फार लांब जायचंय आणि वाटेत वैरण मिळणार नाही. मग गाडीत कडबा भरून घ्यायचा. कडब्याचं वजन वाढलं म्हणून आणखी दोन बैल जुंपायचे. त्या बैलांनाही कडबा लागतो, तोही गाडीतच. शेवटी गाडीत कडबाच कडबा, आणि ज्याच्यासाठी निघालो ते धान्याचं पोतं कोपऱ्यात एक. रॉकेट म्हणजे ही गाडी. इस्रोचं सर्वांत ताकदवान एलव्हीएम-३ उडताना ६४० टनांचं असतं आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत नेतं साधारण ८ टन. शिवाय वर हवा नाही, म्हणून जाळायला लागणारा ऑक्सिजनही सोबत न्यावा लागतो. तोही उणे १८३ अंशांपर्यंत थंड करून, पातळ करून.

यावर जुना तोडगा असा की कडबा संपला की ती गाडी तिथेच सोडून द्यायची आणि हलकं होऊन पुढे जायचं. रॉकेटचे टप्पे म्हणजे हेच. पहिला टप्पा, ज्याला बूस्टर म्हणतात, दोन-अडीच मिनिटांत रिकामा होतो आणि गळून पडतो. सर्वांत जास्त इंजिनं त्यालाच असतात आणि सर्वांत जास्त पैसा त्यातच असतो. पन्नासेक वर्षं हे बहुतेक सगळं समुद्रात नाहीतर ओसाड जमिनीवर पडून वाया जात होतं.

इथे अप्पांनी मला थांबवलं. "म्हणजे दर फेकीला नवा धोटा?"

ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून तो डावीकडून उजवीकडे फेकला जातो, मागे बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सोडत जातो, पलीकडे अडतो, परत फेकला जातो. खट-खट, दिवसभर. इंग्रजीत त्यालाच शटल म्हणतात. अमेरिकेने १९८१ साली जाऊन-येऊन करणारं यान उडवलं आणि त्याला स्पेस शटल म्हटलं, ते या धोट्यावरूनच. सोलापूरला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. अप्पांच्या एका वाक्यात सगळा विषय आला होता: बाण्याच्या एकेका धाग्याला नवा धोटा घेणारा कारखाना किती दिवस चालेल?

तर आता उतरण्याकडे. इथे जरा रेंगाळतो, कारण हे खरंच बघण्यासारखं आहे.

स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं फाल्कन-९ हे रॉकेट ७० मीटर उंच आहे, बूस्टरला ९ इंजिनं. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी, ६५-७० किलोमीटर उंचीवर बूस्टर सुटतो. तेव्हा त्याचा वेग मोहिमेप्रमाणे ताशी सहा ते आठ हजार किलोमीटर असतो. सुटला म्हणून तो लगेच खाली येत नाही. भिरकावलेल्या दगडासारखा आणखी वर जातो, शंभर किलोमीटर ओलांडतो आणि मग उतरायला लागतो. या वेळात तो नायट्रोजनच्या छोट्या फवाऱ्यांनी स्वतःला वळवून इंजिनांची बाजू पुढे करतो. दाट हवेत शिरताना तीन इंजिनं काही सेकंद पेटवतो, कारण तसाच शिरला तर हवेच्या माऱ्याने मोडेल. पुढे सुकाणूचं काम टोकाजवळच्या चार जाळीदार पंखांकडे. हे टायटॅनियमचे पंख वरच्या टोकाला असतात, म्हणजे पडताना मागच्या बाजूला. दारूकामातल्या रॉकेटला मागे काडी का बांधतात? तोंड सरळ राहावं म्हणून. पंखांचं काम तेच, फक्त ही काडी वळवताही येते.

शेवटचा भाग सर्वांत अवघड. जवळपास रिकामा झालेला बूस्टर इतका हलका असतो की एकच इंजिन, तेही होईल तेवढं मंद केलं, तरी त्याचा रेटा बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त भरतो. म्हणजे तो हवेत थबकून, अंदाज घेऊन, हळूहळू टेकू शकत नाही. एसटीच्या ड्रायव्हरला असा ब्रेक दिलाय असं समजा, की गाडी थांबल्या क्षणी ती उलटी पळायला लागते. मग त्याला फलाटाला टेकतानाच वेग शून्य करावा लागेल. वीस फूट अलीकडे थांबला तर गाडी मागे जाणार, उशीर केला तर कंट्रोलरच्या केबिनमध्ये. बूस्टरलाही जमिनीची उंची आणि वेग, दोन्हींचं शून्य एकाच क्षणी गाठावं लागतं. इंजिन कधी पेटवायचं, किती रेटायचं, याचा हिशेब यानातला संगणक खाली येता येताच करत असतो.

आणि हे करताना उभं राहायचं. गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. बाराबंदी घातलेला माणूस ती उंचच उंच काठी पेलून चालतो तेव्हा त्याची नजर शेंड्याकडे असते. शेंडा डावीकडे कलला की तो काठीला उजवीकडे ओढत बसत नाही. स्वतःच डावीकडे सरकतो आणि बूड शेंड्याखाली आणतो. रॉकेटचं इंजिन असंच थोडंसं इकडे-तिकडे वळतं आणि बूड शेंड्याखाली ठेवत राहतं. वर जातानाही हेच चालू असतं, आपल्याला ते रॉकेट सरळ गेल्यासारखं वाटतं. काठी पेलणारे यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. यांचा सराव मात्र सगळ्या जगासमोर झाला.

कारण पहिले प्रयत्न फसले, आणि कसे फसले ते ऐकून अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. जानेवारी २०१५: जाळीदार पंख हलवणारं हायड्रॉलिक तेल शेवटच्या क्षणी संपलं, बूस्टर तिरका येऊन समुद्रातल्या तराफ्यावर आदळला. एप्रिल २०१५: इंजिनाचा रेटा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह अडकत होता, बूस्टर टेकला आणि कलंडला. जानेवारी २०१६: अलगद उतरला, पण चारपैकी एका पायाची कडी नीट बसली नव्हती, बहुधा बर्फामुळे, पाय दुमडला आणि अख्खा बूस्टर आडवा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तीन बूस्टर शेजारी जोडलेल्या फाल्कन हेवी रॉकेटच्या मधल्या बूस्टरला इंजिनं पुन्हा पेटवायचं रसायन पुरलं नाही आणि तो समुद्रात गेला. तेल संपलं, व्हॉल्व्ह अडकला, कडी बसली नाही, पेटवण कमी पडलं. "हे तर आमच्याच खात्यातलं," अप्पा म्हणाले. रॉकेट त्यांना पहिल्यांदा ओळखीचं वाटलं ते इथे.

पहिलं यशस्वी उतरणं डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर झालं, एप्रिल २०१६ मध्ये समुद्रातल्या तराफ्यावर. तराफा म्हणजे साधारण ९० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद डेक. आपल्या पार्क मैदानात आरामात मावेल, आणि तो लाटांवर हलतोय. वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला मार्च २०१७ मध्ये. आता काही बूस्टर ३० हून अधिक वेळा जाऊन आलेत, आणि दोन फेऱ्यांमधलं कमीत कमी अंतर ९ दिवसांवर आलंय.

हे फुकट मात्र होत नाही. परतीचं इंधन राखून ठेवायचं, पाय आणि पंख वाहून न्यायचे, म्हणजे तेवढा माल कमी. फाल्कन-९ बूस्टर सोडून द्यायला तयार असेल तर २२.८ टन नेऊ शकतं. बूस्टर तराफ्यावर परत हवा असेल तर साधारण पाव हिस्सा माल घरी ठेवावा लागतो. तरी परवडतं, कारण नऊ इंजिनं वाचतात. व्यवहार म्हणून बघितलं तर यात चमत्कार काही नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कंपनीने स्टारशिप या आणखी मोठ्या रॉकेटचा ७१ मीटर उंच, ३३ इंजिनांचा बूस्टर पायच न लावता परत आणला आणि उड्डाणाच्याच मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी हवेतल्या हवेत धरला. सिद्धेश्वर साखर कारखान्याची जून २०२३ मध्ये पाडलेली चिमणी आठवा. ती जवळपास ९० मीटरची होती. त्याहून थोडीच कमी उंचीची चिमणी आकाशातून येते आहे आणि मनोरा ती कवेत घेतोय. हा व्हिडिओ अप्पांना मी मुद्दाम नंतर दाखवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीनेही आपल्या न्यू ग्लेन रॉकेटचा बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरवला, तेव्हा हे आता एकट्याचं कौशल्य उरलेलं नाही.

"आपलं का नाही उतरत?" हा प्रश्न येणारच होता. एक कारण इंधनात आहे. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंचे जाडजूड बूस्टर घन इंधनाचे आहेत, प्रत्येकात २०० टनांहून जास्त. घन इंधन म्हणजे मोठ्या प्रमाणावर दिवाळीचंच रॉकेट: स्वस्त, दणकट, भरवशाचं, पण एकदा पेटलं की संपेपर्यंत पेटलेलं. विझवता येत नाही, मंद करता येत नाही, परत पेटवता येत नाही. आणि उतरायचं तर तिन्ही लागतं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या नव्या पिढीच्या रॉकेटमध्ये पहिला टप्पा परत येणारा असेल, असं ठरलंय. दरम्यान पंखवालं यान विमानासारखं धावपट्टीवर उतरवण्याच्या तीन चाचण्या इस्रोने २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ पार पाडल्या.

जाता जाता: घन इंधनाच्या त्या बूस्टरची कवचं बनवणाऱ्या कारखान्यांपैकी एक आपल्या शेजारी, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला आहे. आणि ज्यांच्या नावाचं ते गाव, ते वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. अप्पांना हे माहीत होतं, मलाच नव्हतं.

आता वरच्या टप्प्याचं काय? तो बहुतेक वेळा परत आणतच नाहीत, आणि त्याचं कारण पुन्हा वेग. वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा चौपट होते. बूस्टर सुटतो ताशी आठ हजारांवर, कक्षेतली वस्तू असते २८ हजारांवर. वेग साडेतीन पट, म्हणजे किलोमागे ऊर्जा बारा पट. सोप्या मापात सांगायचं तर कक्षेतल्या एक टन वजनात घरगुती गॅसचे पंचेचाळीस सिलिंडर जाळल्यावर निघेल एवढी ऊर्जा साठलेली असते. खाली यायचं म्हणजे ही सगळी फेडायची. वर जाताना कमावलेला वेग कुणी माफ करत नाही. इंजिनाने फेडायची तर जाताना लागलं तसंच अवाढव्य इंधन परत लागेल, म्हणजे पुन्हा तो कडबा. म्हणून ती हवेवर उधळतात. यान पुढून इतक्या जोरात येतं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती दाबली जाते आणि दाबल्याने तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं, तेच, फक्त हजारो अंशांपर्यंत. यानाचं कवच या उष्णतेला तोंड देतं आणि बरीचशी हवेतच सोडून देतं.

कवच नसलेलं काही आलं तर जळतं, पण सगळंच जळत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात लोखंडी कड्यासारखं भलं मोठं रिंगण येऊन पडलं. तो एका चिनी रॉकेटचा वरचा टप्पा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. नशिबाने कुणाला लागलं नाही. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही: २०२३ मध्ये पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा तुकडा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहत जाऊन लागला होता.

मग यात माणूस बसवायचा. तिथे धोका नेमका कुठे असतो?

अप्पांच्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्या संध्याकाळी ती त्यांनी वेगळ्या कारणासाठी सांगितली. एका कारखान्यात एका मागाच्या पिकरला, म्हणजे धोट्याला टोला देणाऱ्या तुकड्याला, बारीक चीर गेली होती. अप्पांनी सांगितलं, बदलू. वरून उत्तर आलं, सुट्टीच्या दिवशी बदलू, चालतोय की. आणि खरंच चालत होता. एक दिवस चालला, दोन दिवस चालला. दर दिवशी चालला म्हणून अप्पांनाही वाटायला लागलं की तेवढी चीर चालते. पाचव्या दिवशी धोटा वाकडा सुटला, मागातून उडाला आणि लोखंडी टोकाने सरळ भुवईवर बसला. एक इंच खाली असता तर डोळा गेला असता.

मागावर याला धोटा उडणं म्हणतात. स्पेस शटलचे दोन्ही अपघात मी एवढ्या नेमकेपणाने कुणाला समजावू शकलो नसतो.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांत आकाशातच मोडलं. सातही जण गेले. त्याच्या घन इंधनाच्या बूस्टरचे भाग एकमेकांना जोडलेले होते आणि सांध्यात रबरी रिंगा होत्या, कुकरच्या झाकणाला असते तशी, अर्थात खूप मोठ्या. त्या दिवशी फ्लोरिडात गोठवणारी थंडी होती. रबर कडक झालं, सांधा वेळेत बंद झाला नाही, आतून जळता वायू बाहेर आला. आदल्या रात्री काही इंजिनिअरांनी एवढ्या थंडीत उडवू नका म्हणून सांगितलं होतं. आधीच्या उड्डाणांतही रिंगा जळालेल्या सापडल्या होत्या, पण यान सुखरूप आलं होतं. चालतोय की. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सगळ्यांसमोर रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवला, की गार झाल्यावर ते लगेच पूर्ववत होत नाही. एवढं साधं.

कोलंबियाचं तर आपल्या घरचं दुःख. १६ जानेवारी २००३ ला उडताना दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आपटला. फोम म्हणजे हाताला हलका, ठिसूळ. वजन पाऊण किलोच्या आसपास. पण वेगाचा फरक एवढा होता की पंखाला भोक पडलं. वर सोळा दिवस सगळं ठीक चाललं, कारण वर हवाच नाही. १ फेब्रुवारीला परत येताना, वेग हवेवर उधळायची वेळ आली तेव्हा, तापलेली हवा त्या भोकातून पंखात शिरली. उतरायला सोळा मिनिटं उरली असताना यान मोडलं. कल्पना चावला त्यात होत्या. फोम आधीही अनेकदा सुटला होता, आणि दर वेळी यान परत आलं होतं.

शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली आणि दोन यानं गेली. सरासरी ६७ फेऱ्यांत एक. सोलापूर-पुणे गाडीचा असा हिशेब असता तर स्टँडवर सकाळच्या गाडीला कुणी रुमाल टाकला नसता.

कमावलेल्या ऊर्जेला जायला वाट हवी असते. ती ठरवलेल्या वाटेने गेली तर उड्डाण, भलत्या वाटेने गेली तर अपघात, आणि भलती वाट बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ भागातून उघडते. म्हणून आता माणसांच्या रॉकेटला पळून जायची सोय ठेवतात. ११ ऑक्टोबर २०१८ ला रशियाच्या सोयुझचं उड्डाण दोन मिनिटांनंतर बिघडलं. जोडणी करताना एक छोटा सेन्सर वाकला होता, त्यामुळे बाजूचा एक बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या भागावर आपटला. दोघे अंतराळवीर बसलेली कुपी क्षणात बाजूला फेकली गेली आणि पॅराशूटने उतरली. दोघेही चालत बाहेर आले.

भारताच्या, माणसं नेणाऱ्या गगनयानासाठी अशीच सोय लागते आणि तिची पहिली उड्डाण-चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला झाली. ती मी वर्गात मुलांना दाखवत होतो. उलटी मोजणी पाचवर आली आणि थांबली. संगणकाला काहीतरी खटकलं होतं. मुलं "अरेरे" म्हणाली, दोघं-तिघं मधल्या सुट्टीसारखी उठूनही गेली. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि दहा वाजता रॉकेट उडालं. कुपी ठरल्याप्रमाणे सुटली आणि समुद्रात उतरली. मला त्या दिवसातलं आठवतं ते पाचवरच थांबणं. आपल्याकडे बातम्यांत अशा वेळी 'नामुष्की' हा शब्द फार लवकर येतो.

अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचं अंतराळ स्थानकाकडचं उड्डाण जून २०२५ मध्ये असंच पुढे पुढे जात होतं तेव्हा अप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "गेला का पोरगा?" राकेश शर्मा १९८४ ला गेले तेव्हा अप्पा रात्रपाळीला होते आणि ती बातमी त्यांनी कारखान्यातल्या रेडिओवर ऐकली होती, ४१ वर्षांनी दुसरा चालला होता, त्यामुळे घाई मलाही होती. मी सांगितलं, ११ तारखेला उडायचं होतं, पण त्यांच्या फाल्कन-९ च्या बूस्टरची जमिनीवर चाचणी घेतली त्यानंतर ऑक्सिजनची गळती सापडली. तिथे गेलेल्या इस्रोच्या पथकाने दुरुस्ती होऊन खात्री पटल्याशिवाय नको, असा आग्रह धरला. शिवाय स्थानकाच्या रशियन भागातही एक गळती होती, ती तपासायला आणखी दिवस गेले.

"बूस्टर नवा होता की वापरलेला?"

"वापरलेला. एक फेरी झालेली."

अप्पांनी मान हलवली. २५ जूनला दुपारी उड्डाण झालं तेव्हा ते टीव्हीसमोर होते. आठेक मिनिटांनी बूस्टर परत येऊन उभा राहिला, बाजूने काजळी धरलेली. टीव्हीवर सगळे वरच्या यानाबद्दल बोलत होते. अप्पा बूस्टरच्या पायांकडे बघत होते.

"पिकर बदलला आणि मग माग चालू केला म्हण की," ते म्हणाले, आणि चहा मागितला.